अतिविषाच्या नावानं

साल दोन हजार एकवीस. मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि माझ्या जिभेची चव गेली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं, त्या साली अर्ध्या गावाची गेली होती. खरं आहे. पण बाकीच्यांची गेली ती जेवणाची चव. माझी गेली ती धंद्याची. सोनाराची नजर जावी तसं ते झालं. सोनाराची नजर गेली तर लोकांना दिसतं तरी. माझं काय गेलं ते बाहेरून कुणाला दिसत नव्हतं.

मी काष्ठौषधीचा दुकानदार. औरंगपुऱ्यात भाजीबाजाराच्या मागं एका बोळीत माझं दुकान आहे. मुळ्या, साली, बिया, डिंक, वाळलेली फुलं. मी वैद्य नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक मला वैद्यबुवा म्हणतात आणि मला त्याचा राग येतो. वैद्य शिकलेला असतो. मी चौथीत शाळा सोडली, तीसुद्धा मास्तरशी भांडून. दिवाळी अंकवाल्यांनी निरोप धाडला की मामा, धंद्यातल्या गमती लिहून द्या. गमती थोड्या लिहितो. मग जे लिहायचं आहे ते लिहितो. शुद्धलेखन नातीनं दुरुस्त केलंय. मजकुराला मी तिला हात लावू दिला नाही.

हा धंदा मला चाचांनी शिकवला. चाचा अत्तार. त्यांचं दुकान निजामाच्या काळापासून याच बोळीत होतं. मी गावाकडून आलो तो हमाली करायला, गोण्या उतरवायला. एक दिवस त्यांनी माझ्यापुढं दोन मुळ्या टाकल्या आणि विचारलं, "बोल, कौनसी क्या है?" मी उलटसुलट करून बघायला लागलो. त्यांनी हातावर चापट मारली. "आँखा से नक्को देख. आँखा धोका देते. चाख, और थूक."

चाखायची रीत अशी. मुळीचं टोक मोडायचं, जिभेच्या शेंड्याला लावायचं, पुढच्या दातांत जरासं दाबायचं, थुंकायचं आणि चूळ भरायची. गिळायचं नाही. ज्येष्ठमध गोड लागतं आणि मागून घशात जरा खवखवतं. आवळकाठी चावून पाणी प्यालात तर पाणी गोड लागतं. कुटकी अशी कडू की कानशिलं हलतात. अक्कलकारा जिभेला मुंग्या आणतो, ओठ झिणझिणतात, लाळ सुटते. अक्कलकाऱ्यानं जीभ बधिर झाली नाही तर समजायचं माल शिळा, दम गेलेला. आणि अतिविष. अतिविष कडू, नुसतं कडू. त्याला मुंग्या नाहीत, झिणझिण्या नाहीत. नावात विष आहे, पण ते आमच्याकडं पाळण्यातल्या लेकराला देतात.

त्याच डोंगरात, त्याच थंडीत त्याचा एक भाऊबंद उगवतो. बचनाग. कंद तसाच, बोटाच्या पेराएवढा. जुना बचनाग काळपट असतो, आंधळासुद्धा ओळखेल. पण कोवळा कंद वरून खरवडून, धुऊन, वाळवून आणला की तो अतिविषाच्या गोणीत खपून जातो. तो माणसाचं काळीज थांबवतो. वैद्य लोक त्याला गोमूत्रात, दुधात शुद्ध करून कणभर वापरतात, ते त्यांचं ते जाणोत. मी आयुष्यात तो दुकानात ठेवला नाही. पण त्याची चव मला ठाऊक आहे. आधी काहीच नाही. मग मुंग्या. मग जीभ आपली राहत नाही.

नात सांगते, आजोबा, याला क्रियाशील घटक म्हणतात, प्रत्येक झाडात वेगळा. म्हणोत. मला इतकंच कळतं की झाड आपल्यासाठी औषध करत नसतं. झाडाला गुरंढोरं खातात, कीड खाते. त्याला पळता येत नाही. म्हणून ते आपल्या मुळात, सालीत, बीत काहीतरी कडू-जहर साठवतं, स्वतःच्या बचावासाठी. आपण ते चोरून आणतो. थोडं घेतलं तर औषध, जास्त घेतलं तर झाडानं ज्याच्यासाठी केलं होतं ते होतं. पण गिऱ्हाइकाला हे सांगून बघा. ते म्हणणार, "मामा, झाडपाल्यानं काय होतंय? त्याला काय साईड इफेक्ट नसतो."

एक ठेकेदार होता, पहिलवानासारखा गडी. मोबाइलात बघून रोज सकाळी दुधीचा रस प्यायचा. एक दिवस दुधी कडू निघाला. दुसरा कुणी थुंकला असता. यानं विचार केला, कडू म्हणजे औषध, आणि तांब्याभर घटाघटा प्यायला. रक्ताच्या उलट्या झाल्या. आठवडाभर दवाखान्यात होता. बरा होऊन आला तो माझ्याच दुकानात भांडायला.

"मामा, तुमच्यामुळं मेलो असतो मी."

"मी दुधी विकतो का?"

"तुम्हीच म्हणता ना, कडू चांगलं!"

"मी कुटकी कडू आहे म्हणतो. दुधी कडू असेल तर फेकून द्यावा, हे तुझ्या बायकोलासुद्धा माहीत असेल."

"तिला माहीत होतं," तो म्हणाला. "ती नको म्हणत व्हती." मग जरा थांबून, "आता कारल्याचा रस चालंल का?"

असली माणसं. हसावं का डोकं फोडून घ्यावं कळत नाही. रोगाच्या पहिल्या साली तर सगळं शहर गुळवेलीच्या मागं लागलं. एक पेन्शनर दिवसातून तीनदा गुळवेलीचा काढा पीत होता, वर चार चूर्णं. त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले तसं मी त्याला माल देणं बंद केलं, डॉक्टरकडं जा म्हटलं. त्यानं बोळीत उभं राहून मला शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दुकानातून नेली. पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही. परत दिसला नाही.

आता बाळगुटीचं सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. शहरातल्या नव्या आयांना हे माहीत नसतं. लेकरू जन्मलं की आमच्याकडं गुटीची सामग्री नेतात. हळकुंड, वेखंड, सुंठ, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ, मायफळ, ज्येष्ठमध, बदाम, खारीक, अतिविष. आंघोळ झाली की आजी सहाणेवर आईच्या दुधाचे थेंब टाकते आणि एकेक जिन्नस उगाळते. मोजमाप वेढ्यांचं, म्हणजे सहाणेवर किती फेरे घासलं त्याचं. लेकरू लहान तर एकच वेढा. पोट दुखतंय तर मुरुडशेंगेचा वेढा वाढवायचा. ढाळ लागले तर अतिविषाचा. वेढा किती वाढवायचा ते आजी ठरवते, सून नाही. घरातलं ते आजीचं राज्य असतं.

आता ते साल. एप्रिलात मला ताप आला, घरच्या घरी निभावलं. उठलो तर तोंडात लाकूड. आमच्या कौसल्याबाईंनी, म्हणजे बायकोनं, कारल्याची भाजी केली. मी शिऱ्यासारखी खाल्ली. ती बघत राहिली.

"कडू न्हाई लागलं?"

"नाही."

"मंग आता दुकानात काय करनार तुमी? शेंगदाणे विकनार?"

मिरचीचा जाळ लागायचा, पण मिरचीची चव नाही. मिठाला, गुळाला, कुटकीला, सगळ्याला सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईल महिन्या-दोन महिन्यांत. मी दुकान उघडलं, आणि ज्यांचं नुसत्या नजरेवर भागत नाही ते डबे फडक्यात बांधून वर टाकले. अतिविषाचा पहिला. मुलगा म्हणाला, लोकांना सांगू नका, गिऱ्हाईक तुटेल. मी म्हटलं, तुटू दे. जो येईल त्याला तोंडावर सांगायचो, माझी जीभ गेलीय, अतिविष देणार नाही, जिभेची ग्वाही असल्याशिवाय मी ते लेकराच्या पोटात घालणार नाही. लोक हसायचे. एक म्हणाला, "मामा, आता तुम्ही जीभ दाखवून धंदा करा." हसू दे. माझा हेका हेकाच असतो.

मे महिना होता. संचारबंदी होती, सकाळी काही वेळ दुकान उघडायला परवानगी होती. बोळीत कुत्रं नव्हतं. मी शटर निम्मं उघडून बसलो होतो. एक बाई वाकून आत आली. तोंडाला पदर बांधलेला. आवाजावरून ओळखलं. पिशोरच्या सरूबाई. साठीच्या असतील. लग्न होऊन पिशोरला आल्या तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. त्यांच्या पोरांची गुटी माझ्याकडून, पोरीच्या पोरांची माझ्याकडून. त्या मला भाऊ म्हणतात.

"भाऊ, अतिविष द्या. चांगलं बघून द्या."

"सरूबाई, एवढ्या बंदीत तुम्ही आलात कशा?"

"माझ्या गनेसच्या लेकीला दवाखान्यात आनलंय. ह्या मागल्या रस्त्याला, लहान लेकरांचा हाय ना, तिथं. चार म्हैन्याची हाय वो चिमी. तीन दिस झाले, वकते, ढाळ व्हतेत. मान टाकली काल."

"मग दवाखान्यात डॉक्टर बघतायत ना? अतिविष कशाला?"

त्यांनी बोळीकडं मागं वळून बघितलं. आवाज उतरवला. "त्यास्नी काय कळतंय? सुया टोचत्यात नुसत्या. म्हनत्यात, तोच रोग आसंल. मी चमच्यानं दूध पाजायला जवळ बसते तवा चाटवीन बोटानं. कुनाला नाय दिसनार. माझ्याकडलं हाय पन आता तुकडाच ऱ्हायला. इतकं उगाळलं, इतकं उगाळलं, फरकच पडंना."

मी विचारलं, "तुमच्याकडलं म्हणजे कुठलं? माझ्याकडून तर यंदा नेलं नाही तुम्ही."

"गाड्याच बंद, कशी येनार तुमच्याकडं? गावात एक आला व्हता, पिशवी घेऊन. जडीबुटीवाला. लई जनींनी घेतलं."

"दाखवा."

त्यांनी पदराची गाठ सोडली. त्यात एक कंद, उगाळून उगाळून अर्धा झालेला. फिकट, स्वच्छ, अतिविषासारखाच. मी चष्मा लावून बघितला. मोडून बघितला. अतिविष खडूसारखं तुटतं, आत पांढरं पीठ. हे जरा कडक वाटलं, जरा शिंगासारखं. पण दुधात भिजून वाळलेला तुकडा, त्याचं काय सांगणार? नजरेनं शपथ घेता येईना.

मी टोक जिभेला लावलं. सवयच तशी. काही नाही. लाकूड. कडू असेल तर मला कळणार नव्हतं, आणि अतिविषाची ओळख म्हणजे तेवढंच कडूपण. आयुष्यभर जी जीभ एका चाखण्यात सांगायची, ती तोंडात मेल्यासारखी पडली होती आणि समोर बाई उभी होती. मी दातात दाबलं. थुंकलो. थांबलो.

मग हळूहळू मुंग्या आल्या. जिभेच्या शेंड्याला, मग ओठाला.

चव गेली होती, झिणझिण्या गेल्या नव्हत्या. पण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. दुखण्यातून उठल्यापासून हातापायाला मुंग्या येतच होत्या. ही मुळीची का आजाराची? चूक झाली तर दवाखान्यात जाऊन काय सांगू? मी सरूबाईंना विचारलं, "लेकराला द्यायच्या आधी तुम्ही कधी चाटून बघितलं?"

"बघितलं की. पैल्याच दिशी. जीभ बधिर झाली. म्हनलं लई अस्सल हाय, दम हाय."

मी चूळ भरली. त्याच म्हणाल्या, "तुमीच शिकिवलं ना भाऊ. जीभ बधिर झाली का माल अस्सल."

मला आठवलं. त्यांच्या धाकट्या पोराचे बोल अडखळायचे. मी अक्कलकारा दिला होता. तेव्हा सांगितलं होतं, बाई, हे जिभेला लावून बघा, बधिर झाली तर अस्सल, नाही तर परत आणून द्या. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. बाईनं ते जपून ठेवलं होतं. आणि लावलं अतिविषाला.

"सरूबाई, ते अक्कलकाऱ्याचं होतं."

"काय?"

"ते अक्कलकाऱ्याचं होतं. अतिविषानं जीभ बधिर होत नाही. हे अतिविष नाही. हा बचनाग आहे."

बचनाग हा शब्द खेड्यात सगळ्यांना माहीत असतो. त्या खालीच बसल्या.

मी विचारलं, "रोज किती देत होतात?"

"आदी येकच वेढा. मंग ढाळ लागले, म्हून दोन. मंग वकायला लागली, म्हून आनखी." त्या माझ्याकडं बघत होत्या, जणू पुढचा हिशेब मी चुकवून दाखवीन. "आजारी पडली म्हून वाढिवलं वो भाऊ. वाढिवल्यामुळं नाय पडली. आसं कसं व्हईल?"

तसंच झालं होतं. पहिल्या वेढ्यानं ढाळ लागले. ढाळावर अतिविष वाढवायचं, ही रीत. रीतीप्रमाणं त्यांनी वाढवलं. म्हणून लेकरू आणखी खालावलं. म्हणून त्यांनी आणखी वाढवलं. एकही गोष्ट त्यांनी रीतीबाहेर केली नव्हती.

"डॉक्टरला सांगितलं का गुटी देताय म्हणून?"

"त्यांनी इचारलं. सूनबाईला इचारलं, मला इचारलं. घरचं काय दिलं का. मी नाय म्हनले. सोनालीनं पैल्याच दिशी सांगितलं व्हतं, आत्या, गुटी नको, डॉक्टर नको म्हनत्यात. मी तिच्या मागारी देत व्हते."

"उठा. चला दवाखान्यात. आत्ता सांगायचं."

"नाय."

"सरूबाई, लेकरू—"

"मी नाय सांगनार. मला घरातून काढतील. गनेस मला उभं करनार नाय दारात." त्यांनी माझे पाय धरले. "भाऊ, तुमी कायतरी उतारा द्या. मी गुपचूप देते. हाय ना तुमच्याकडं? इतके डबे हायत. कायतरी आसंलच."

इतके डबे होते. एकात नव्हता. मी त्यांना तसंच सांगितलं, उतारा नाही, कुणाकडंच नाही, आणि डॉक्टर अंधारात चाचपडतायत ते तुमच्या मुक्या तोंडामुळं. तुम्ही सांगणार नसाल तर मी जाऊन सांगतो. मी कंद खिशात घातला, शटर ओढलं आणि चालायला लागलो. बोळीच्या टोकापर्यंत मागं बघितलं नाही. मग चपलांचा आवाज आला. त्या येत होत्या.

दवाखान्याच्या जिन्यात त्यांचा मुलगा गणेश बसला होता. वाळूजला कंपनीत आहे. त्याची बायको सोनाली दाराशी उभी, छातीशी रिकामं दुपटं धरून. मला बघून गणेश उठला. "मामा, तुम्ही कसे?" मी सरळ आत जायला लागलो. नर्सनं अडवलं. मी मोठ्यानं ओरडलो, माझा आवाज मोठा आहे. मग डॉक्टरीण बाहेर आली. पोरगीच होती, तिशीची. डोळ्यांखाली मास्कचे वळ.

मी तोंड उघडायच्या आत मागून सरूबाई बोलल्या.

"गुटी दिली मी. म्या दिली. हिला माहीत नाय, त्याला माहीत नाय. त्यात हे व्हतं."

मी कंद पुढं केला. म्हटलं, बचनाग आहे, माझी जीभ आजारी आहे पण यात मी चुकत नाही, या बाईनंही चाखलाय, दोघांची जीभ बधिर झाली.

त्या पोरीनं मला वेड्यात काढलं नाही, आणि सरूबाईंवर ओरडलीही नाही. तिनं दोनच प्रश्न विचारले. शेवटचं कधी दिलं. किती दिलं. "काल सांजच्याला," सरूबाई म्हणाल्या, "हितंच. दूध पाजताना." मग डॉक्टरीण आत पळाली. जाता जाता म्हणाली, "ठोके असे वेडेवाकडे का पडतात म्हणून मी कालपासून शोधतेय."

सोनालीनं ते ऐकलं. हितंच, दूध पाजताना. ती सासूकडं बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं दुपट्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

गणेश म्हणाला, "आई, तुला इचारलं व्हतं ना त्यांनी? माझ्यासमोर इचारलं व्हतं."

"व्हय."

"मंग?"

त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या.

डॉक्टरीण दिवसभर त्या खोलीतून हलली नाही. मोठ्या दवाखान्यात फोन केले, एका माणसाला औषध आणायला पोलिसांच्या परवानगीनं धाडलं. दुपारी एकदा बाहेर येऊन म्हणाली, जरा सुधारलंय. सरूबाईंनी तिच्याही पायाला हात लावायचा प्रयत्न केला. माझे ओठ तेव्हाही बधिर होते. मी नुसतं चाखून थुंकलं होतं, आणि तरी. मी बाकावर बसून त्या चार महिन्यांच्या पोटाचा विचार करत होतो.

दिवस कलताना चिमी गेली.

डॉक्टरीणच सांगायला आली. तिनं गणेशला बाजूला नेऊन सांगितलं नाही, सगळ्यांना एकत्र सांगितलं. सोनाली आत गेली. सरूबाई उठल्या तसं गणेशनं हात आडवा धरला. "तू नको." त्या परत बसल्या. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "भाऊ, कालच सांगितलं असतं तर?"

मी काय सांगणार? ते डॉक्टरीणबाईला ठाऊक, नाही तर देवाला. मी म्हटलं, "मला माहीत नाही." खोटं बोललो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं. मला जमलं नाही.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण घरात मला ती कुणी बोलू देत नाही. मी त्या बाईला अक्कलकाऱ्याचं जे सांगितलं ते बरोबर होतं. आजही कुणी विचारलं तर तेच सांगेन. त्यात माझी चूक नाही. पण आमच्या धंद्यात आम्ही एका मुळीची खूण सांगतो आणि माणूस ती दहा मुळ्यांना लावतो, हे मला त्या दिवसापर्यंत दिसलं नव्हतं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना अस्सल कसं ओळखायचं तेवढं सांगत आलो. मारणारं कसं ओळखायचं, ते एकालाही सांगितलं नाही. गिऱ्हाईक घाबरेल म्हणून नाही. सुचलंच नाही. अंगवळणी पडलेली गोष्ट सांगावी लागते हे सुचत नाही.

निघताना डॉक्टरीणबाईला म्हटलं, तो पिशवीवाला गावात लई जणींना देऊन गेलाय. ती म्हणाली, मी तिथल्या आरोग्य केंद्रात कळवलंय, उद्या माणसं जातील. तिनं कळवलं होतं, तिला फोनवर बोलताना मी ऐकलं होतं. पण ती माणसं पोचेपर्यंत दुपार व्हायची. सकाळच्या आंघोळीनंतर गुटी उगाळतात.

घरी सांगितलं तर कौसल्या कडाडली. "तापातून उठलेला मानूस, बंदी हाय, पोलीस झोडतील, कुठं जाता?" मी म्हटलं, पिशोरला. ती म्हणाली, "तुमच्या हट्टापायी माझं मरन आदी येनार." आणि उठून दशम्या बांधायला लागली.

दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या सुमाराला भाजी उतरवून परत निघालेल्या कन्नडकडच्या टेम्पोत मी रिकाम्या कॅरेटांवर बसलो. पिशोरला उतरलो तेव्हा ते लेकराला माती देऊन नुकतेच आले होते. अंगणात चारदोन माणसं. सोनाली आतल्या खोलीत. सरूबाई गोठ्याच्या भिंतीशी एकट्या बसल्या होत्या, त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. गणेश माझ्यापुढं आला. "आता काय ऱ्हायलं, मामा?"

"घरं," मी म्हटलं. "त्या माणसाकडून कुणीकुणी घेतलं, ती घरं दाखव."

त्याला माहीत नव्हतं. पुरुषांना हे माहीत नसतं. अंगणातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग भिंतीकडून आवाज आला, "मला ठावं हाय."

सरूबाई उठल्या. पदर डोक्यावरून घेतला. त्या पुढं, मी मागं. गल्लीतल्या पहिल्याच दारात एक तरणी बाई लेकराला तेल लावत होती, बाजूला सहाण मांडलेली. सरूबाईंना बघून ती दचकली, काय बोलावं तिला कळेना. सरूबाईंनी तिला बोलूच दिलं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "माझी नात म्या मारली. तुझ्या सासूनं त्याच मानसाकडून घेतलंय. दे ते ह्यास्नी."

बाईनं सहाणेवरचा कंद उचलून माझ्या हातात ठेवला. मी तो चाखला नाही. खिशात टाकला, आणि आम्ही पुढच्या दाराकडं गेलो.